लोकरीचा केस आणि प्रकाशाची मोजपट्टी

पावसाळ्यात तिन्हीसांजेला कदंबच्या बसने पणजीहून घरी परतताना एक गोष्ट आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. खिडक्या बंद, आत माणसे दाटीवाटीने उभी, श्वासांनी काच धुकटलेली. त्या काचेतून रस्त्यावरचा दिवा पाहावा, तर दिव्याभोवती रंगीत कडे दिसते. आतल्या अंगाला पांढुरके, मग पिवळसर, कडेला तांबूस. रुमालाने काच पुसली की कडे नाहीसे. पातळ ढगाआड चंद्र असला की त्याला लगटूनही असेच लहानसे रंगीत वलय पडते. (चंद्रापासून दूर पडणारे ते मोठे खळे निराळे. ते हिमकणांमुळे पडते.)

या कड्याची एक खोड आहे. काचेवरचे थेंब जितके बारीक, तितके कडे मोठे. थेंब मोठे झाले की कडे आकसते. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबाचे माप डोळ्यांना दिसणाऱ्या कड्यात लिहिलेले असते. फक्त वाचता आले पाहिजे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका डॉक्टरला ते वाचता आले आणि त्याने त्यावरून मेंढीच्या केसाची जाडी मोजली. तंतू मोजण्यासाठी प्रकाशालाच मोजपट्टी करण्याचा जो इतिहास आहे, त्याचे हे पहिले मोठे पान. त्या डॉक्टरचे नाव थॉमस यंग.

आता मेंढीचा केस मोजायची गरज कोणाला पडली, असे कोणी विचारील. आपल्याकडे थंडीच नाही, त्यामुळे लोकरीचे महत्त्व आपल्या चटकन ध्यानात येत नाही. पण इंग्लंडची श्रीमंती कितीतरी शतके लोकरीवर उभी होती. त्यातही बारीक लोकरीला भाव. सर्वांत बारीक लोकर स्पेनच्या मेरिनो मेंढ्यांची, आणि स्पेनने त्या मेंढ्या दीर्घकाळ देशाबाहेर जाऊ दिल्या नाहीत. १७६५ साली स्पेनच्या राजाने आपल्या नात्यातल्या सॅक्सनीच्या राजघराण्याला मेरिनोंचा एक कळप भेट दिला, आणि पुढे सॅक्सन लोकर स्पेनच्या लोकरीशी स्पर्धा करू लागली. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजासाठी जोसेफ बँक्सने खटपट करून मेरिनो मिळवल्या. १८०४ साली लंडनजवळच्या क्यू येथे राजाच्या कळपातल्या मेंढ्यांची जाहीर विक्री झाली. तेथे जॉन मॅकार्थर याने काही मेंढ्या घेऊन ऑस्ट्रेलियाला नेल्या. ऑस्ट्रेलियाच्या लोकरधंद्याच्या इतिहासात त्या विक्रीचे नाव अजून निघते.

हा सगळा व्यवहार चालत होता तो बोटांवर. लोकरीचा जाणकार व्यापारी झुबका घेई, अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळी, उजेडाकडे धरी आणि दर्जा सांगे. तो सांगेल तो भाव. आपल्याकडे सुपारीचा किंवा काजूचा दर्जा ठरवणारे जुने लोक पाहिले असतील त्यांना हे नवे नाही. बोटांचे ज्ञान खोटे नसते, पण ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाही आणि त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. मेंढपाळ म्हणणार बारीक आहे, व्यापारी म्हणणार जाड आहे. मधे पंच कोण?

तो पंच सापडला वेगळ्याच वाटेने. ती वाट केसाच्या सावलीतून जाते.

बोलोन्यातला जेझुइट पाद्री फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी याने सतराव्या शतकाच्या मध्यावर एक चमत्कार पाहिला होता. बारीक भोकातून अंधाऱ्या खोलीत आलेल्या उन्हात एखादी वस्तू धरली तर तिची सावली भूमितीने असायला हवी त्यापेक्षा रुंद पडते आणि कडेला रंगीत पट्टे दिसतात. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६६५ साली निघाले. न्यूटनने हाच प्रयोग माणसाच्या केसावर केला. त्याने शिशाच्या पत्र्याला टाचणीने भोक पाडले. भोक केवढे? तर तसल्या एकवीस टाचण्या शेजारी शेजारी ठेवल्या की अर्धा इंच भरे, म्हणजे एक टाचणी इंचाच्या बेचाळिसाव्या भागाएवढी. मोजमापाची ही रीत मला फार आवडते. घरात जे आहे त्यावर काम भागवायचे, पण हिशेब चोख ठेवायचा. त्याचा केस इंचाच्या २८० व्या भागाएवढा जाड होता आणि दहा फुटांवर त्याची सावली पडली इंचाच्या आठव्या भागाएवढी, म्हणजे पस्तीसपट! हवेमुळे असे होते का, हे पाहायला त्याने केस पाण्यात भिजवून दोन काचांमध्ये दाबून पाहिला. सावली तेवढीच रुंद. काचांमध्ये द्रवात बुडवलेला हा केस वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

न्यूटनने हे सारे १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये लिहिले. प्रकाश म्हणजे वेगाने धावणारे सूक्ष्म कण, या मताकडे त्याचा कल होता. न्यूटनचा शब्द म्हणजे वेदवाक्य, त्यामुळे पुढची जवळजवळ शंभर वर्षे इंग्लंडमध्ये तेच मत चालले.

यंगचा जन्म १७७३ चा, सॉमरसेटमधल्या मिल्व्हर्टन गावचा, क्वेकर घराण्यातला. लहानपणापासून भाषांचा नाद. पुढे इजिप्तच्या रोझेटा शिळेवरच्या लिपीचा उलगडा करण्यात ज्यांनी पहिली पावले टाकली त्यांत हाच. पदार्थाच्या ताणाविषयीचा ‘यंगचा गुणांक’ आपण शाळा-कॉलेजात पाठ केला, तोही याच्याच नावाचा. पोटापाण्यासाठी मात्र हा माणूस वैद्यकी करी. १८०१ च्या मे महिन्यात त्याला एक नियम सुचला. साधा दृष्टांत घेऊ. देवळाच्या तळीत शेजारी शेजारी दोन खडे टाकावेत. दोन्हींच्या लाटा पसरत एकमेकींत मिसळतात. उंचवट्यावर उंचवटा आला तेथे पाणी दुप्पट उसळते, उंचवट्यावर खळगा आला तेथे पाणी जागच्या जागी निवांत. प्रकाशही लाटांचा असेल तर तेथेही असेच व्हायला हवे: उजेडात उजेड मिळवून काही ठिकाणी काळोख! यालाच आपल्या पाठ्यपुस्तकांत व्यतिकरण म्हणतात.

नोव्हेंबर १८०३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने यावरचे प्रयोग मांडले. खिडकीच्या झडपेतल्या बारीक छिद्रातून उन्हाची तिरीप आत घेतली आणि तिच्यात इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कागदी पट्टी आडवी धरली. सावलीच्या पोटात उजेड-काळोखाच्या रेघा उमटल्या. मग त्याने पट्टीच्या एकाच बाजूचा प्रकाश अडवला. दुसऱ्या बाजूने प्रकाश पूर्वीसारखाच येत होता, तरी आतल्या सगळ्या रेघा गेल्या. म्हणजे रेघा एका बाजूच्या प्रकाशाच्या नव्हेतच. दोन्ही कडांनी आत वळलेला प्रकाश सावलीत एकत्र येतो तेव्हाच त्या उमटतात. न्यूटनने शंभर वर्षांपूर्वी घेतलेली मापे यंगने याच नियमाने तपासली. प्रकाशाच्या लाटेची लांबीही त्याने हिशेबाने काढली होती: तांबड्याची इंचाच्या सुमारे ३६,००० व्या भागाएवढी, जांभळ्याची सुमारे ६०,००० व्या भागाएवढी.

यावर कौतुक व्हायचे ते राहिले बाजूला. ‘एडिंबरा रिव्ह्यू’ या नव्या आणि वजनदार नियतकालिकात एकापाठोपाठ एक निनावी परीक्षणे आली आणि त्यांत यंगची रेवडी उडवली गेली. लिहिणारा होता हेन्री ब्रूम. पुढे तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. यंगने पूर्वी त्याच्या गणितावर टीका केली होती, तो राग मनात होताच. यंगने १८०४ साली पुस्तिका छापून उत्तर दिले. त्या पुस्तिकेची प्रत खपली एक. हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. आपल्याकडच्या लेखकांनी यातून धीर घ्यायला हरकत नाही.

वाद घालून तो जिंकला नाही. त्याने निराळे केले. ज्या नियमाची टिंगल झाली होती त्याला त्याने कामाला लावले. १८१३ साली त्याचा वैद्यकीय ग्रंथांची ओळख करून देणारा एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या पुरवणीत, जेथे भौतिकशास्त्राचा कोणी वाचक फिरकण्याची शक्यता नाही अशा जागी, सूक्ष्म कण मोजण्याच्या एका उपकरणाचे वर्णन आहे. नाव ‘एरिओमीटर’. ग्रीक भाषेत ‘एरिऑन’ म्हणजे लोकर, तेव्हा लोकरमापक म्हणू या.

उपकरण म्हणजे जवळजवळ काहीच नव्हे. एक पितळी पत्रा किंवा पुठ्ठा, त्याला मधोमध एक छिद्र, आणि त्या छिद्राभोवती सुमारे अर्धा इंच व्यासाच्या वर्तुळात टोचलेली बारीक बारीक छिद्रे. पत्र्यामागे दिवा. डोळ्यापाशी लोकरीचा झुबका धरून त्यातून दिवा पाहायचा. मधल्या छिद्राभोवती रंगीत कडी दिसतात, आपल्या बसच्या काचेतल्यासारखीच. मग झुबका मागेपुढे सरकवायचा आणि हिरव्या-तांबड्याच्या सीमेचे कडे बरोबर त्या छिद्रांच्या वर्तुळावर आणायचे. ते जुळले की पट्टीवर अंतर वाचायचे. लोकर बारीक असेल तर कडे मोठे, म्हणून झुबका पत्र्याजवळ आणावा लागतो. जाड असेल तर दूर न्यावा लागतो. अंतर हेच माप.

पण त्या आकड्याचे इंच कसे करायचे? त्यासाठी यंगने एका पावसाळी अळंब्याच्या बीजकणांचा आधार घेतला. त्याचा मित्र वोलॅस्टन याने ते कण इंचाच्या ८,५०० व्या भागाएवढे मोजले होते आणि लोकरमापकावर त्यांचा आकडा आला साडेतीन. त्यावरून एक एकक म्हणजे इंचाचा सुमारे ३०,००० वा भाग. मग त्याने दिसेल ते मोजले. रेशीम सुमारे १२, कापूस सुमारे १९ पण फार कमीजास्त, बारीक सॅक्सन लोकर बहुतेक २२, ससेक्सची जाडीभरडी लोकर ४६. आजच्या मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रेशीम १०, कापूस १६, सॅक्सन लोकर साडेअठराच्या आसपास. आजच्या प्रयोगशाळेतले आकडेही याच सुमाराचे असतात. हे एका पुठ्ठ्यावर आणि दिव्यावर!

सगळेच बरोबर आले असे नाही. माणसाच्या रक्तपेशी त्याला खऱ्यापेक्षा बऱ्याच लहान वाटल्या. मोजपट्टी प्रकाशाची असली तरी तिच्यावर खुणा करणारा हात माणसाचाच. पण तंतूंच्या बाबतीत तिने चोख काम दिले. विद्वानांनी लाटांचा सिद्धान्त मानला तो फ्रान्सच्या फ्रेनेलने १८१५ पासून त्याला गणिताचा भक्कम पाया दिल्यावर. फ्रेनेलनेही सुरुवात केली ती बारीक तारेच्या सावलीपासूनच. त्याला १८१९ मध्ये फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळाले. मेंढीच्या केसाने मात्र आपली साक्ष त्याआधी सहा वर्षे दिली होती.

यंग १८२९ साली वारला. त्याच्या उपकरणातून तंतूची जाडी कळे, अंतरंग कळत नसे. अंतरंग का कळायला हवे? कारण दोन तंतू सारख्याच जाडीचे असून एक तटकन तुटतो आणि दुसरा ताण सोसतो. हा फरक आतल्या रेणूंच्या मांडणीचा. लांबलचक रेणू तंतूच्या दिशेने शिस्तीत लागलेले असतील तर तंतू बळकट, गुंता झालेला असेल तर कच्चा. हे पाहायला विसाव्या शतकात व्यतिकरणाची सूक्ष्मदर्शके आली, आणि येथे न्यूटनचा तो काचांमध्ये दाबलेला ओला केस पुन्हा भेटतो.

रीत अशी. तंतू एका द्रवात बुडवून दोन काचांमध्ये ठेवतात. त्या द्रवाचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाशाचा वेग त्यात किती कमी होतो त्याचा आकडा, आधीच ठाऊक असतो. एकाच दिव्याचा प्रकाश दोन वाटांनी आणून मिसळला की दृश्यात सरळ समांतर रेघा दिसतात. तंतूवरून जाताना त्या रेघा वाकतात, कारण तंतूतून जाणारी लाट द्रवातून जाणाऱ्या लाटेच्या मागे पडते. रेघ किती सरकली आणि दोन रेघांत अंतर किती, यांचे गुणोत्तर काढायचे. त्याला प्रकाशाच्या लाटेच्या लांबीने गुणायचे आणि तंतूच्या जाडीने भागायचे. तंतू आणि द्रव यांच्या वक्रीभवनांकांतला फरक हाती येतो. रेघ मुळीच वाकली नाही तर दोन्ही सारखे. तंतूला न तोडता, न ताणता, त्याच्या पोटातली बातमी मिळते.

खरी गंमत पुढे आहे. हेच माप ध्रुवीकृत प्रकाशात दोनदा घेतात. एकदा लाटेचे कंपन तंतूच्या लांबीच्या दिशेने, एकदा आडवे. रेणू शिस्तीत असतील तर दोन आकडे वेगळे येतात. कापसात लांबीच्या दिशेने सुमारे १.५८ आणि आडवा १.५३. लोकरीत हा फरक जेमतेम ०.०१, तर चांगल्या ताणलेल्या पॉलिएस्टरमध्ये तो ०.१८ च्या आसपास जातो. गिरणीत पॉलिएस्टरचा धागा नुसता ओतून चालत नाही, तो ताणावा लागतो. ताण कमीजास्त झाला तर तयार कापडावर रंग सारखा चढत नाही, आडवे पट्टे उठतात. गिऱ्हाईक रंगाऱ्याला दोष देते, आणि खरा दोष असतो धाग्याच्या आतल्या शिस्तीत.

या विद्येची मोठी पेठ पुढे कोठे बसली, तर कापसाच्या देशात, इजिप्तमध्ये. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात सॅम्युएल टोलान्स्की यांनी काचांवर चांदीचा पातळ लेप देऊन प्रकाशाला अनेकदा मागेपुढे उसळू देण्याची रीत विकसित केली होती. त्यामुळे जाडसर रेघा सुईसारख्या बारीक होतात आणि लहानशी वाकणूकही मोजता येते. कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठातले एन. बरकत यांनी ही रीत तंतूंना लावली आणि १९७१ पासून त्यावर लेख लिहिले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, कापसाच्या शेतांमध्ये वसलेल्या मन्सुरा शहरातल्या विद्यापीठात ए. ए. हम्झा यांनी ती वाढवली. दोघांनी मिळून १९९० साली तंतूंच्या व्यतिकरणमापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पोलंडमध्ये वॉर्सा येथे माक्सिमिलियन प्लुटा यांनी याच कामासाठी खास सूक्ष्मदर्शके घडवली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला, तेव्हा मुंबई आणि इजिप्त या दोघांचेही नशीब एकदमच उघडले होते. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंतूंची पारख करणारी प्रयोगशाळा १९२४ साली निघाली ती याच जाणिवेतून, की कापूस विकायचा तर तो मोजता आला पाहिजे. ज्याचा माल त्याच्याच हाती मोजपट्टी असावी, ही गोष्ट लहान नाही.

या गोष्टीला अखेरचे वळण मिळाले ते काचेच्या तंतूमुळे. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या तंतूतून संदेश दूरवर धाडता येतील. १९७० साली अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने तसा तंतू काढून दाखवला. या तंतूत मधला गाभा आणि भोवतालचे कवच यांच्या वक्रीभवनांकांत अगदी थोडा, शेकड्याला एकाच्या आत-बाहेर, फरक असतो. कवचाचा व्यास १२५ मायक्रॉन आणि लांब पल्ल्याच्या तंतूत गाभा जेमतेम ८-९ मायक्रॉन, म्हणजे यंगच्या रेशमाहून बारीक. हा फरक कोठे कसा बदलतो ते ठाऊक नसेल तर संदेश वाटेत विसकटतो. मग १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतल्या प्रेस्बी, मार्कुस आदींनी पुन्हा तोच मार्ग धरला: तंतूची पातळ चकती कापून ती व्यतिकरणाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, नाहीतर अख्खा तंतू द्रवात बुडवून आडवा पाहायचा आणि रेघा किती वाकल्या ते मोजायचे. काओ यांना २००९ साली नोबेल मिळाले. आज हा लेख आपल्यापर्यंत पोचला त्या वाटेवर कोठे ना कोठे असा काचेचा तंतू आहेच.

आणि लोकर? ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकापासून लोकरीचा लिलाव प्रयोगशाळेच्या दाखल्यावर होऊ लागला. आज गाठींची सरासरी जाडी मायक्रॉनमध्ये कागदावर असते आणि एखाद-दोन मायक्रॉनने भाव बदलतो. जाणकाराची बोटे अजून आहेत, पण त्यांच्यावरही आता अपील करता येते.

कोणाला हे स्वतः पाहायचे असेल तर यंगएवढीही खटपट नको. लाल प्रकाशाचा साधा लेझर पॉइंटर घ्या. डोक्याचा एक केस त्याच्या तोंडावर ताणून चिकटवा आणि दोन मीटरवरच्या भिंतीवर प्रकाश पाडा. (लेझर कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका.) भिंतीवर ठिपका न पडता केसाच्या काटकोनात उजेड-काळोखाची माळ पडेल. मधल्या उजेडाच्या दोन बाजूंच्या पहिल्या दोन काळ्या जागांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून निम्मे करा. १३०० ला त्या आकड्याने भागा. केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मिळेल. माळ साधारण १८-१९ मिलिमीटरच्या टप्प्याने पडली तर केस सत्तर मायक्रॉनचा.

घरातल्या म्हातारीचा, आपला आणि नातवंडाचा केस पाळीपाळीने लावून पाहावा. नातवंडाचा केस बारीक, म्हणून त्याची माळ भिंतीवर सर्वांत लांब पसरते. ज्या पुस्तिकेची एकच प्रत खपली, तिच्यातले म्हणणे त्या भिंतीवर कोणालाही वाचता येते.